लहान सेन्सरने बघितलंस का?

गेल्या मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी लॅबमध्ये सेन्सर पुसत होतो. तेव्हा फोन आला, मोनेकाका गेले.

काकू, आणि जमलेली सगळी मंडळी, मला चारचौघांत बोलायची सवय नाही. बारावी अर्धी सोडून मी काकांच्या डोंबिवलीच्या टेस्टिंग लॅबमध्ये लागलो. म्हणून लिहून आणलंय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं काम एवढंच, की कुठल्या वस्तूतून उष्णता किती पार होते ते मोजायचं. वस्तूचे दोन तुकडे, मध्ये चकतीसारखा सेन्सर. तोच तापतो, तोच मोजतो. आमच्याकडे दोन आहेत, एक मोठा, एक लहान. लहान फार नाजूक. त्याला हात लावायलाही मी घाबरायचो. काका म्हणायचे, "अरे नितीन, सासऱ्याने दिलेलं घड्याळ आहे का ते? वापर की."

काकांचा नियम होता. दोन्ही सेन्सरने मोजायचं. आकडे जुळले तरच सही.

शहाडच्या पाटीलसाहेबांच्या कारखान्यातून सॅम्पल आलं. उष्णता बाहेर येऊ नये म्हणून वाफेच्या पाइपवर गुंडाळायचा पट्टा. तुकडे पातळ होते. मी मोठाच सेन्सर लावला. रिपोर्ट घेऊन इथे नौपाड्याला, काकांच्या घरी गेलो. ते पलंगावर होते. चष्मा मागितला. विचारलं, "लहानाने बघितलंस का?"

मी म्हणालो, "हो काका."

बघितलं नव्हतं. मंडळी, मी बघितलं नव्हतं. काकांनी सही केली. ती त्यांची शेवटची सही.

आज सकाळी राहवलं नाही. लहान सेन्सर लावला. आकडे जुळत नाहीत. मोठ्या सेन्सरची उष्णता पातळ तुकड्यात कडेपर्यंत पोचली, पुढे हवा, तिथेच तुंबली. म्हणून सेन्सर जास्त तापला आणि मला वाटलं, पट्टाच अडवतोय. रिपोर्टात लिहिलंय तेवढी उष्णता तो पट्टा अडवत नाही.

पाटीलसाहेब, तुम्ही आत्ताच येऊन दुसऱ्या रांगेत बसलात. सकाळपासून तुमचा फोन लागत नाही. आज संध्याकाळी तुम्ही तो पट्टा गुंडाळलेल्या पाइपात वाफ सोडणार. त्या पाइपला खेटून तुमची माणसं ये-जा करतात, कुणीतरी भाजेल.

काकांचा मुलगा अमेयदादा मला म्हणाला, "सभा होऊ दे रे. इथे बाबांचं नाव खराब नको करूस." दादा, बाबांनी विचारलं होतं. खोटं मी बोललो. मग सांगायचं कुणी?

काका, तुम्हाला माझा नमस्कार.

मंडळी, आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. पाटीलसाहेब, तुम्ही थांबू नका. बाहेर जाऊन आधी कारखान्यात फोन लावा.