नुसतं ‘मोड’

रोह्याच्या एसटी स्टँडवर इझिकेलकाकांनी पुस्तकात नाक खुपसलं होतं, पण कान काही शेजारच्या बाकावरून हलेनात. तिथे वैशाली आणि तिची आत्या पेणच्या गाडीची वाट बघत होत्या.

“आत्या, नितेशचं उत्तर नाय. अर्धा तास झाला!”

“अगो, धाटावला कंपनीत मोबाइल गेटवर ठेवतात. शिफ्ट सुटेल आता.”

“तोवर माझा जीव जाईल. मी धाडलं त्याला.”

“काय धाडलंस?”

“मोड.”

“काय मोड?”

“लग्न! रागात नुसतं ‘मोड’ लिहिलं.”

“कपाळ माझं! हॉल ठरलाय गो! पूस आधी.”

“पुसते... आत्या, वाचलं त्यानं! लिहितोय कायतरी.”

“आलं काय? मोठ्यानं वाच.”

“‘वालांना मोड आले? मग रविवारी बिरडं खायला येतो.’”

काकांनी पुस्तक आणखी वर धरलं.

“देव पावला! घरी गेलीस की पयले वाल भिजत घाल. दोन दिवसांत मोड येतील.”

“दोन दिवस? आत्या, पेणला आयते मोडाचे मिळतात ना?”