ओला फडका

साल १९८३. नाशकात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर एक जण डोळ्यांत औषध घालून बसला होता. घरी एकट्यानं हलत्या चित्रांच्या फिल्मा बनवणारा. सोबत दिंडोरीहून आलेली थोरली बहीण.

“रंगा, चित्रं सोडली म्हणं?”

“कागदावरची सोडली, आक्का. चित्रातल्या माणसानं नुसता हात उचलायचा, तर डझनभर चित्रं काढायची. बोटं वळेनाशी झाली. आता शाडूची बाहुली करतो. जराशी हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची.”

“म्हंजे काम तेवढंच की.”

“नाही गं. दिव्याखाली शाडू सुकतो, तडे जातात. मग बाहुलीवर ओला फडका टाकून थांबावंच लागतं. कागद कधी थांब म्हणाला नाही. म्हणून तर माती धरली.”

“मंग ती झाकली का तू निजतो?”

“दुसरी घेतो.”

“दुसरी काय?”

“बाहुली. दोन करून ठेवल्यात. एक झाकली की दुसरी.”

“आन् तुझ्यावर कोण टाकतं फडका?”

रंगानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

“डोळे मीट. औषध घातलंय.”

“मिटलेत की.”

“मंग गुडघ्यावरची बोटं बी थांबव, बाबा.”