लेकराचा आवाज

हॅलो? … हो, लिवायवायच बोलतेय, ऑफिसातून. कोण… रिझलिन? अगं, ड्युटीवर असताना मोबाइल? … हळू बोल, हळू. नुसता कंप्रेसरचाच आवाज येतोय.

… वास? कसला, अमोनियाचा? … बर्फाचा कारखाना आहे गं, थोडा येतोच… डोळ्यांतून पाणी? तुझ्या? … मग थोडा नाही.

प्रेशरचा काटा कितीवर आहे? … दोनशे चाळीस. आणि रोज? … एकशे ऐंशी. लाल रेघ? … अडीचशेला. बरं. बरं.

बांतिलान सरांना सांगितलंस? … काय म्हणालीस? नाही, तुझे शब्द जसेच्या तसे सांग… "सॉरी सर, बहुतेक मलाच वाटतंय, पण…" इंदाय! अगं पोरी! शनिवारच्या ट्रेनिंगला फळ्यावर तीन गोल काढले होते मी, आठवतात? … हो, आईबाप, लेकरू आणि मधला मोठा माणूस. तू कुठल्या गोलातून बोललीस? … लेकराच्या. मग ते काय म्हणाले? … "तू लंगोटात होतीस तेव्हापासून मी हे मशीन चालवतोय." झालं! तू लेकरू झालीस, ते बाप झाले. बाप ओरडला, लेकरू गप्प बसलं. आणि मशीनबद्दल कोणी बोललंच नाही!

रडू नकोस. … अगं ऐक ना. माणूस वाईट नाही तो. धक्क्यावर तीन बोटी ट्यूना भरून उभ्या आहेत, त्यांना बर्फ हवाय, आणि मॅनेजर लुमांतास सकाळपासून त्यांच्या मानगुटीवर बसलेत. तुझ्यापुढे बाप, लुमांतास सरांपुढे तेच लेकरू. तुझ्याइतकेच घाबरलेत ते.

आता परत जा. सॉरी नाही, बहुतेक नाही. काटा कितीवर, वास कुठे, काय करायला हवं. एवढं तीन वाक्यांत बोल, बरोबरीच्या माणसाशी बोलल्यासारखं. … आवाज कापतोय? कापू दे, आकडा कापत नाही. फोन खिशात ठेव, चालूच.

…

… ओरडले. ओरडू देत. परत तेच सांग, पोरी, तोच आकडा सांग… हं, बोल, बोल…

… काय विचारलं त्यांनी? "कुठल्या व्हॉल्व्हपाशी?" … अगं, हेच तर! ओरडायचे थांबले ना? तुला विचारलं त्यांनी! … गेले बघायला? … आले? चेहरा कसा आहे? … बोल की. … पांढरा.

मग मशीन बंद करा म्हणावं! … परवानगी? लुमांतास सरांना फोन केला? … आणि तेव्हा त्यांच्या तोंडून काय निघालं? … "सॉरी सर." … हं. काटा? … दोनशे अठ्ठेचाळीस.

थांब, माझ्या टेबलावरचा फोन वाजतोय. लुमांतास सरच असणार. तू फोन कापू नकोस, तशीच राहा.

गुड आफ्टरनून, सर. … हो सर. … नाही सर, उलट बोलायला नाही शिकवलं मी तिला… मी फक्त… हो सर, मागच्या महिन्यात भोंगा खोटाच वाजला होता. हो, तुम्हाला विचारल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, माहितीये सर… सॉरी सर. … बहुतेक त्या पोरीलाच काहीतरी…

…

लाइनवर आहे, सर. माझाच आवाज ऐकत होते मी.

… सर, काटा दोनशे अठ्ठेचाळीसवर आहे. शेजारी मासळीच्या पॅकिंगमध्ये त्रेचाळीस बायका आहेत, मेर्येंदाला अजून तास आहे, म्हणजे खायला कोणी बाहेर गेलेलं नाही. वारा त्यांच्याच अंगावर आहे. मी भोंगा वाजवतेय. … नाही सर, विचारत नाहीये. सांगतेय.

रिझलिन! रिझलिन, ऐकू आला भोंगा? … बाहेर पड. समुद्राकडच्या दाराने, वाऱ्याच्या उलट. रुमाल ओला करून तोंडावर धर. … बांतिलान सर कुठायत? … हाताने? व्हॉल्व्ह हाताने बंद करतायत? एकटेच? … आणि तुला काय म्हणाले?

… "जा, बाळा."

… रिझलिन, ऐक. हाही बापाचाच आवाज आहे गं. दरडावणारा नाही, जपणारा. त्याच गोलात असतो तोही. आत्ता लेकरू हो आणि मुकाट्याने ऐक त्यांचं. पळ!

… आलीस? … खोक, खोक, बोलू नकोस. मला खिडकीतून बायका दिसतायत, धक्क्याकडे चालल्यात. मुकादम मोजतेय… एकमेकींना धरलंय त्यांनी… थांब, बोटं दाखवतेय ती मला… चाळीस… त्रेचाळीस! सगळ्या आल्या, रिझलिन. सगळ्या!

… हो, इथेही कळलं. घरघर थांबली. म्हणजे व्हॉल्व्ह बसला, मशीनही बंद. केलं त्यांनी!

… दार दिसतंय तुला? … पांढरं? … ढगात दारच दिसत नाही? … येतील गं. रस्ता पाठ आहे त्यांना. अग्निशामकवाले निघालेत, त्यांच्याकडे मास्क आहेत. … किती मिनिटं झाली? … सहा.

… सरांच्या बायकोला? नाही, अजून नको कळवायला. … नको म्हटलं ना.

… काय? आत जाते म्हणतेस? नाही. नाही, रिझलिन. मी सांगतेय म्हणून थांबू नकोस, ढग अजून दारातून बाहेर येतोय म्हणून थांब. दोन श्वासांत माणूस आडवा होतो त्यात. … माहितीये मला, तुझ्यासाठीच मागे राहिले ते. माहितीये. … अगं ऐक, ऐक ना माझं…

रिझलिन? … धावतेयस का तू? धाप ऐकू येतेय मला. … इंदाय, कुठल्या बाजूला धावतेयस?

… हॅलो?