आवाज स्वच्छ येतोय

विक्की : गिटार बदललीस ना? मग आता काय?

समाधान : हिच्यातही करंट येतोय राव. मघाशी तार तुटली ती, नि आता ही. माइकला ओठ लागला की दोन्हींत झिणझिण्या.

विक्की : जनरेटरवर होतं थोडंफार. दहा मिनिटांचं मध्यंतर आहे, चहा घे.

समाधान : चहा राहू दे. दोन्ही गिटारी एकदम बिघडतील का? दोष अँप्लिफायरमध्ये आहे. प्लग खोल त्याचा.

विक्की : खोलतो बाबा. साउंडवाला मी की तू? ...आयला!

समाधान : काय झालं?

विक्की : अर्थिंगची वायरच नाही. कापून वर टेप मारलीय. कुठल्या गाढवाचं काम हे?

समाधान : माझं.

विक्की : तुझं? चाकणला मेंटेनन्सला आहेस तू! अर्थिंग नसेल तर कुणाला मशीनला हात लावू देत नाहीस!

समाधान : भोसरीच्या हॉलमध्ये घूं घूं येत होती, आठवतं? लोक हुर्यो करायला लागले. वायर कापली, आवाज स्वच्छ झाला. म्हटलं उद्या जोडू.

विक्की : दीड वर्ष झालं भावा त्याला!

समाधान : कोरड्या हॉलमध्येच वाजवत होतो. कधी जाणवलं नाही.

विक्की : आज शिफ्टवरून थेट आलास, सेफ्टी शूज काढायचे राहिले, म्हणून वाचलास. नाहीतर तुम्ही लोक अनवाणी चढता.

समाधान : विक्की... त्या दिवशी अँप दोन होते.

विक्की : मग दुसरा कुठंय?

समाधान : रश्मीकडं, माझ्या बहिणीकडं. वाकडला सोसायटीच्या लॉनवर कार्यक्रम आहे, बहिणाबाईंचा पहिला. सकाळी मीच रिक्षात ठेवून दिला.

विक्की : ती गातेपण नि वाजवतेपण.

समाधान : अनवाणी. वडिलांची, अण्णांची रीत आहे आमच्या, चपला खाली काढूनच स्टेजवर जायचं. मागं सँडल घालून चढली, तर चारचौघांत झापलं होतं मी तिला.

विक्की : फोन लाव आधी!

समाधान : लावलाय. उचल गं रश्मे, उचल...

सई : हॅलो, समाधानदादा? मी सई, कीबोर्डवाली. रश्मीचा फोन माझ्याकडं आहे.

समाधान : ती कुठंय?

सई : आत्ताच स्टेजवर गेली. पहिलं गाणं एकटीचं आहे ना तिचं. दादा, अँप काय झकास दिलाय तुम्ही! आवाज स्वच्छ येतोय, जरासुद्धा घूं नाही.

समाधान : सई, नीट ऐक. करंट आहे त्यात. माइकला तोंड लावू नको म्हणावं तिला. अँपला हात न लावता मेन स्विच बंद करायचा. लॉन कोरडं आहे ना?

सई : नाही हो, दुपारीच पाणी मारलंय. स्टेजवरचा गालिचासुद्धा भिजलाय.

समाधान : पळ गं बाई, पळ!

सई : पळतेय... रश्मी! ए रश्मी, माइक सोड! ...ऐकू जात नाहीये, दादा. लोक टाळ्या वाजवतायत.

समाधान : गातेय का ती? एवढंच सांग मला.

सई : गात होती...

विक्की : काय म्हणतेय रे?

समाधान : सई? सई, बोल ना!

सई : दादा, तिच्या चपला इथं पायरीशी आहेत. नीट जोडून ठेवल्यात.