बारावं प्रकरण कोणाचं?

(पनवेल, टपाल नाक्याजवळचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. सकाळ.)

चारुता : हे वाक्य माझ्या बाबांचं नाही.

फारूक : कुठलं, ताई?

चारुता : 'होडी एकदम बुडत नाही, आधी पाणी पिते.' तुम्ही टाइप केलेलं त्यांच्या पुस्तकाचं बारावं प्रकरण, पहिली ओळ. बाबा जन्मात होडीत बसले नाहीत. शाळेची सहल घारापुरीला निघाली की त्यांना नेमका ताप यायचा.

फारूक : आमच्या वेळेलाही आला होता. नववीत होतो मी.

चारुता : तुमचे आजोबा उरणला गलबतावर होते ना?

फारूक : चौकशी करून आलात म्हणजे.

चारुता : कृष्णाबाईंनी सांगितलं. आणखीही सांगितलं. दर शनिवारी तुम्ही करंजाड्याला घरी यायचात, त्यांना पोळ्या उरकून लवकर जायला सांगायचात, आणि बाबांबरोबर दार लावून बसायचात.

फारूक : चोरून नव्हतो येत. तुमच्या सोसायटीच्या गेटवर वहीत नाव लिहून वर जायचो. दोन वर्षं. वॉचमनला माझ्या पोरांची नावं पाठ झाली, तरी वही पुढे करायचाच. ती वही बघा.

चारुता : बघितली.

फारूक : अच्छा. तीही बघितलीत.

गणू : फारूकभाई, आधारची कापी पायजे. दोनी बाजू एकाच कागदावर. चालू द्या तुमचं, आमी थांबतो. घाई नाय.

फारूक : बस रे जरा, गणू. बोला, ताई.

चारुता : 'मोठ्या राज्यांचा ऱ्हास.' पहिली अकरा प्रकरणं बाबांचीच, त्याबद्दल शंका नाही. मौर्य, सातवाहन, रोम. प्रत्येकाचं वेगळं. कुठे व्यापार आटला, कुठे सैन्य पोसवेना, कुठे हाताखालचे महारठी सरदारच आपापल्या जागी राजे होऊन बसले. आणि या सगळ्याचं एकच कारण कुणी विचारलं की बाबा काय म्हणायचे?

फारूक : 'एकच कारण सांगतो तो इतिहास शिकवत नाही, चूर्ण विकतो.'

चारुता : मग बाराव्यात हे चूर्ण कुठून आलं? 'दूरच्या ठाण्यावरून राजधानीला सगळं ठीक आहे एवढाच निरोप येत राहतो, आणि राजधानीला तो गोड लागतो.' पंधरा पानं हेच. त्यात 'ऱ्हास' हा शब्द एकदाही नाही. सगळीकडे 'बुडणं'. टिपणीस मास्तर 'बुडणं' लिहितील?

फारूक : माझ्या पेपरवर लाल शाईत लिहिलं होतं. राज्य बुडाले नव्हे, राज्याचा ऱ्हास झाला. अर्धा मार्क कापला होता.

चारुता : मग?

फारूक : मग काय, फाइल घेऊन जा. बारावं काढून टाका, अकराचं पुस्तक छापा. मी एक अक्षर बोलणार नाही.

चारुता : इतक्या सहज देताय, म्हणजे काहीतरी दडवताय.

फारूक : आणि दिली नसती तर चोर. बरोबर ना?

चारुता : मग हे बघा. बाबांच्या शब्दकोशात सापडल्या. एकोणचाळीस चिठ्ठ्या. तुमच्या दारावर 'दुपारी बंद' लिहिलंय ना, तेच अक्षर. 'नात इराची दहावी, गणिताचा पेपर कसा गेला विचारा.' 'जावई सत्यजीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.' 'आंब्यांचं मागच्या वेळी बोलून झालंय, पुन्हा नको.' माझ्या वडिलांनी माझ्याशी काय बोलायचं, ते तुम्ही लिहून देत होतात. काय हवं होतं तुम्हाला त्यांच्याकडून?

फारूक : बसा, ताई.

चारुता : मी उभी बरी आहे.

फारूक : मग मीच बसतो. सरांना आठवत नव्हतं. दीड वर्ष झालं होतं.

चारुता : खोटं. दर रविवारी अकराला मी फोन करायचे. एकेकाचं नाव घेऊन विचारायचे ते. गेले त्याच्या आधीच्या रविवारी तर माझी चेष्टा करत होते.

फारूक : नावं चिठ्ठीवर असायची.

चारुता : शब्दकोश पाठ असलेला माणूस होता तो.

फारूक : म्हणून तर शरम वाटायची त्यांना. बाराव्या प्रकरणाला बसलो तेव्हाचं सांगतो. सर सांगणार, मी लिहिणार, असं ठरलेलं. पहिलंच वाक्य. 'मोठ्या राज्यांचा' म्हणाले आणि थांबले. तासभर, ताई, तो एक शब्द शोधत बसले. माझ्या जिभेवर होता. पण ज्यानं त्याच शब्दासाठी माझा अर्धा मार्क कापला, त्याला तो मी सांगायचा? जबानच उचलेना. मग आपलं असंच म्हटलं, सर, आमचे आजोबा म्हणायचे, होडी एकदम बुडत नाही, आधी पाणी पिते. सर म्हणाले, 'लिही. हेच लिही.'

चारुता : म्हणजे वाक्य तुमचंच निघालं.

फारूक : वाक्य आजोबांचं. प्रकरण सरांचं.

चारुता : आणि ते एकच कारण?

फारूक : ते या चिठ्ठ्यांवरून सुचलं त्यांना. एका शनिवारी चिठ्ठी वाचली आणि हसतच सुटले. म्हणाले, 'फारूक, आपण दोघं मिळून राजधानीला खोटा निरोप धाडतोय. पैठणला सातवाहनांचं काय झालं असेल, ते मला आत्ता कळलं.' मग न थांबता बोलले. चार शनिवार. मधेच विसरायचे, मी मागचं वाचून दाखवायचो, पुन्हा सुरू. त्या पंधरा पानांत माझं काही असेल तर काना-मात्रा.

चारुता : हे तुम्ही मला कळवायला हवं होतं.

फारूक : शपथ घातली होती त्यांनी. 'तिला कळलं तर पुण्याला नेईल, आणि पुस्तक राहील.' तरी एकदा लावला मी फोन. दिवाळीच्या आधी. तुम्ही म्हणालात, 'फारूकभाई, मीटिंगमध्ये आहे, बाबा ठीक आहेत ना?'

चारुता : तुम्ही म्हणालात, ठीक आहेत.

फारूक : तुम्ही विचारलंतच तसं.

गणू : आमी उद्या येतो, फारूकभाई.

फारूक : ये. दहाला ये.

चारुता : शेवटच्या रविवारची चिठ्ठी यात नाही.

फारूक : सगळ्या थोड्याच सापडणार.

चारुता : बाकीच्यांवर तारखा आहेत. ओळीनं आहेत. तेवढीच नाही.

फारूक : त्या शनिवारी माझी पोरगी रिदा तापानं फणफणली होती, मी घरून हललोच नाही. सरांनी स्वतःच लिहिली. ते गेले त्या सकाळी कृष्णाबाईंनी मला बोलावलं, तेव्हा त्यांच्या चष्म्याच्या डबीत होती. मी उचलली.

चारुता : का?

फारूक : तुम्ही वाचू नये म्हणून.

चारुता : दाखवा.

फारूक : नको, ताई. माझ्यावर शक राहिला तरी चालेल.

चारुता : फारूकभाई, आता तरी निरोप अडवू नका.

फारूक : या खणात आहे. घ्या.

चारुता : बाबांचंच अक्षर. ओळ खाली घसरलीये. 'अकरा वाजता फोन येईल. एक बाई बोलतात. चांगल्या आहेत. ठीक आहे म्हणायचं.'

फारूक : पाणी देऊ?

चारुता : नको. बारावं प्रकरण आहे तसं राहू दे. पहिल्या ओळीसकट.

फारूक : 'ऱ्हास' घालायचा का कुठे? पुस्तकाच्या नावात आहे, म्हणून विचारतो.

चारुता : नको. त्यांना सापडला नव्हता ना.

फारूक : ताई, त्या रविवारी चेष्टा कसली केली होती सरांनी?

चारुता : 'तुम्ही कशा आहात?' म्हणाले. जन्मात कधी मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी हसले. म्हटलं, 'सगळं ठीक आहे, महाराज.'