मूळ फ्लॉपीची कॉपी

"हाक मारली तर वळतच न्हाय की ही! नवं नाव आत शिरलंच न्हाय," सासूबाई ह्यांना सांगत होत्या. मी चहा घेऊन दाराआड. लग्नात सुधाची वैदेही झाले होते.

हे साखर कारखान्यात कामाला, लक्ष सगळं तिथल्या कॉम्प्युटरवर. त्यातल्या तयार प्रोग्रॅममध्ये दिवसाला उसाच्या दीडशेच गाड्यांची नोंद बसे. ह्यांनी थेट त्याच्या पोटात शिरून आकडा अडीचशे केला होता.

"आई, आधी मूळ फ्लॉपीची कॉपी कपाटात ठेवली, मगच आकडा बदलला. बिघडलं तर मागं याय नको?"

चहाच्या वाफेत मला ते कपाट दिसलं. आत फ्लॉपी होती, सुधा नव्हती.

"वैदेही, च्या आण गं!" सासूबाईंनी हाक मारली.

मी कप ठेवले आणि ह्यांना म्हटलं, "नाव बदलण्याआधी माझी कॉपी ठेवलीत का? नाही ना? मग सुधाच म्हणा."