सोबत जोडला आहे: बुध्या

...आणि वर म्हणे, मारू नका! अहो, मी काय हौसेनं मारत होतो? तुम्हाला सांगतो, माझ्याइतका गरीब माणूस अख्ख्या मोखाडा तालुक्यात नसेल. बायको पुष्पलता जव्हारला आदिवासी प्रकल्प कचेरीत कारकून, आणि मी इकडे खोडाळ्याच्याही पुढे आश्रमशाळेत, सात वर्षं झाली, सात! दोन हजार चार साल उजाडलं तरी बदली नाही. शेवटी त्याच कचेरीतले मोठे साहेब म्हणाले, "धर्मेंद्रगुरुजी, नववीला आपलं म्हणणं पटवून देणारं लिहायला शिकवा, मी येऊन बघतो, मग तुमची जव्हारची बदली पक्की."

मग शिकवायला नको? मुद्दा, कारण, पुरावा! पुरावा सुटा द्यायचा नाही, अर्जालाच जोडायचा! समोरचा काय म्हणेल ते आपणच आधी लिहायचं, तिथल्या तिथं खोडून काढायचं, आणि शेवटी मागणी! विषय दिला, दुपारी भात हवा की नागलीची भाकरी. लाडक्या उठला. "भात." का रे? "मला आवडतं." हे कारण झालं? निरगुडीचा फोक उचलला... सट्! पुरावा दे! सट्! तोवर भाकरीच्या बाजूनं बुध्या उठला, आणि त्यानं मुद्दाच मांडला नाही हो, थेट लाडक्याच्या नाकावर गुद्दा! लाडक्या त्याच्या दंडाला चावला, भातवाले बाकांवरून उड्या टाकत आले, भाकरीवाल्यांनी कंपासपेट्या हाणल्या, कुणाचा ओठ फुटला, कुणाचा दात हातात आला... मी मध्ये पडलो तर माझ्याच कानाखाली दोन! मग मात्र माझं डोकं फिरलं. "हातानं नाही, शब्दानं भांडायचं!" सट्! "मारून कुणाला काही पटतं का?" सट्, सट्! एक फोक मोडला, दुसरा घेतला, बुध्याची तर पाठ सोलून काढली. तुम्हाला सांगतो, मारामारी वाईट हे पटवून देता देता माझा खांदा आठ दिवस दुखत होता!

आणि ही चिमी, पहिल्या बाकावरची, एवढीशी पोर, खाली मान घालून लिहीत होती. म्हटलं, चला, एक तरी शिकतेय.

दुसऱ्याच दिवशी साहेब आले. बघतात तर दारात बुध्या उघडा उभा, गळ्यात सुतळीनं बांधलेला अर्ज! "हे काय?" चिमी म्हणते कशी, "पुरावा सुटा द्यावाचा नाय, अर्जाला बांधायचा. गुरजींनीच सांगलं."

साहेब मोठ्यानं वाचायला लागले. "मुद्दा: गुरुजींनी मारू नये. कारण: मारल्यावर धडा आठवत नाही, मारच आठवतो. पुरावा: बुध्या, मागे फिर." आणि तो फिरला हो! अकरा वळ, दोन अजून ओले. "गुरुजी म्हणतील, माराशिवाय पोरं शिकत नाहीत. पण मला त्यांनी एकदाही मारलेलं नाही, आणि हा अर्ज मी लिहिला आहे."

मुद्दा, कारण, पुरावा! कुठं फट म्हणून नाही! खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. मग पुन्हा ती पाठ दिसली, आणि लाज वाटली हो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. बदली तर गेलीच, आता नोकरीही जाणार.

साहेबांनी पान उलटलं. "मागणी: फोक काढून घ्यावा, पण गुरुजींना इथून हलवू नये. कारण असं लिहायला आम्हाला आजवर कुणी शिकवलं नाही. पुरावा: हाच अर्ज. गुरुजी म्हणतील, माझी बायको जव्हारला आहे. तर आमच्या शाळेत कारकुनाची जागा दोन वर्षं रिकामी आहे."

साहेबांनी मांडीवर थाप मारली, तिथंच सही ठोकली, आणि मला विचारतात, "तुमचं काही म्हणणं?" अहो, कसलं म्हणणं! माझं म्हणणं पोरीनं आधीच लिहून खोडून टाकलं होतं!

सोमवारी पुष्पलताला इकडे हजर व्हायचंय. तिला हे पटवून कोण देणार? मी नाही बुवा. चिमीला म्हटलं, बाई गं, आणखी एक अर्ज लिही.